एअर-कूल्ड पोर्श ९११चे भाव: पडले की फाटले?

बॉक्सर_सहा

"एअर-कूल्डचा फुगा फुटला" असं पोर्शच्या जुन्या, हवेवर थंड होणाऱ्या ९११ गाड्यांबद्दल गेली दोन-तीन वर्षं जो तो म्हणतोय. २०२१ आणि २०२२च्या सुरुवातीला जे आकडे दिसले ते पुढे टिकले नाहीत, हे मान्यच आहे. पण त्यावरून काढला जाणारा सरसकट निष्कर्ष मला पटत नाही. माझ्या मते भाव पडण्यापेक्षा फाटले आहेत. पूर्वी एक बाजार होता, आता दोन झाले. ज्या गाडीचा इतिहास कागदावर सलग आहे, पत्रा सडलेला नाही आणि इंजिन-गिअरबॉक्स मूळचे आहेत, तिला आजही गिऱ्हाईक लगेच मिळतं. जी फक्त फोटोत छान दिसते ती महिनोन्महिने पडून राहते आणि शेवटी बरीच खाली जाऊन विकली जाते. दोन्हींची सरासरी काढली की घसरण दिसते, पण त्या सरासरीत कुठलीच खरी गाडी नसते.

नवीन वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. ९११ पहिल्यांदा लोकांसमोर आली १९६३च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात, ९०१ या नावाने. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला आणि ९०१ची ९११ झाली. मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं आडवं सहा सिलिंडरचं इंजिन आणि त्याला गार ठेवणारा मोठा पंखा, ही मांडणी १९९८ साली ९९३ ही ९११ची हवेवरची शेवटची पिढी बंद होईपर्यंत टिकली. मग ९९६ ही पुढची पिढी आली आणि तिच्याबरोबर रेडिएटर आला. धुराचे आणि आवाजाचे नियम कडक होत होते, शिवाय दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेलं हेड नुसत्या हवेवर थंड ठेवणं अवघड होतं. म्हणजे या गाड्यांचा पुरवठा १९९८लाच गोठला. त्यानंतर अपघात, गंज आणि हौशी कापाकापी यांमुळे तो फक्त कमीच होत आला आहे.

तरीही पुढची दहा-बारा वर्षं भाव फारसे हलले नाहीत. ठीकठाक अवस्थेतली १९८०च्या दशकातली कॅरेरा ३.२ वीस हजार डॉलरच्या आसपास मिळायची, तिच्या आधीची ९११ एससी त्याहून स्वस्त. ९९३च्या आधीच्या पिढीला, ९६४ला, तर कुणी विचारत नव्हतं. चढण दिसू लागली २०११च्या सुमारास. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या लिलावात हॉलिवूड अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनशी नाव जोडलेली १९७०ची ९११ एस १३.७५ लाख डॉलरला गेली आणि वर्तमानपत्रांनीही दखल घेतली. २०१४-१५पर्यंत सगळंच वर गेलं, नंतर तीन-चार वर्षं बाजार रेंगाळला. मग आली महामारी. लोक घरी, हातात पैसा, व्याज जवळजवळ शून्य, आणि ऑनलाइन लिलावात रात्री सोफ्यावर बसून बोली लावायची सोय. मार्च २०२२पासून अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने दर वाढवायला घेतले आणि जुलै २०२३पर्यंत ते सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले. कर्ज काढून गाडी घेणारा आणि गाडीकडे मुदतठेव म्हणून बघणारा, असे दोघेही तेव्हा बाहेर पडले.

ते बाहेर पडले हे मला चांगलंच वाटतं. राहिले ते गाडी ओळखणारे, आणि ते तपासून घेतात. फाटाफूट तिथून सुरू झाली.

तुमचं निरीक्षण काय?

---

हिशेबी

मुद्दा पटला. मात्र "केवढी वाढली!" म्हणताना सगळे एक गोष्ट विसरतात: महागाई.

१९८७ साली नवी कॅरेरा ३.२ कूपे अमेरिकेत साधारण ३८ हजार डॉलरला मिळायची. तिथला ग्राहक किंमत निर्देशांक तेव्हापासून पावणेतीन पटींच्या आसपास गेलाय. म्हणजे ते ३८ हजार आजचे एक लाखाच्या वर झाले. तशीच, भरपूर चाललेली पण नीट राखलेली ३.२ आज एक लाखाच्या खालीच मिळते. ज्याने शोरूममधून नवी घेतली आणि आजपर्यंत ठेवली, त्याचे पैसे खऱ्या अर्थाने वाढलेच नाहीत, आणि विमा, तेल, टायर, इंजिनकाम यांचा खर्च वेगळाच. कमावलं ते २००० ते २०१० या काळात घेणाऱ्यांनी. त्यांनी तळाला घेतली आणि आपण दाखले त्यांचेच देतो.

म्हणून माझी विनंती आहे की भावाचा कुठलाही आलेख बघताना तो कुठल्या वर्षापासून सुरू होतो ते आधी बघा. २००५पासून काढला तर सोनं दिसेल, २०१५पासून काढला तर बऱ्याच मॉडेल्सची रेघ महागाई वजा जाता सपाट किंवा खाली जाणारी दिसेल. १९७३च्या कॅरेरा आरएस २.७सारख्या मानाच्या गाडीचे भावसुद्धा २०१४-१५च्या शिखरानंतर बरीच वर्षं रेंगाळले.

---

लोलक

दोघांशीही थोडा असहमत. व्याजदर वगैरे ठीक आहे, पण खरा प्रश्न वयाचा आहे. माणूस पंधराव्या वर्षी ज्या गाडीचं चित्र भिंतीवर लावतो, ती तो पन्नाशीत विकत घेतो. ज्यांना ९११च्या आधीच्या ३५६ची आणि लांब बॉनेटच्या सुरुवातीच्या ९११ची ओढ होती ती पिढी आता विकणाऱ्यांच्या बाजूला आहे. घेणारे नव्वदच्या दशकात वाढलेले आहेत. त्यांना ९९३ टर्बो हवी, ९६४ आरएस हवी. त्यांच्या नंतरच्यांना तर पाण्यावर थंड होणारी जीटी३च जास्त जवळची वाटते. पुढच्या वीस वर्षांत सुरुवातीच्या गाड्यांना मागणी कुठून येणार?

---

बॉक्सर_सहा

@लोलक, वयाचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि ९९३ने तो सिद्धही केला. १९९५ची ९९३ जीटी२ सप्टेंबर २०१६मध्ये लंडनच्या लिलावात १८ लाख ४८ हजार पौंडांना गेली. तेव्हा ती जेमतेम एकवीस वर्षांची होती! २०१८मध्ये तर खुद्द पोर्शच्या क्लासिक विभागाने शिल्लक राहिलेल्या मूळ बॉडीवर एक ९९३ टर्बो नव्याने बांधली आणि ती धर्मादाय लिलावात तीस लाख डॉलरच्या वर गेली. पण ती एकमेव गाडी होती, रस्त्यावर चालवण्याची परवानगीही तिला नव्हती. तिच्यावरून आपल्या-तुपल्या ९९३चा भाव ठरवणाऱ्यांनी बाजार गढूळ केला.

सुरुवातीच्या गाड्यांबद्दल मात्र मी इतका निराश नाही. लांब बॉनेटच्या गाड्या हजार किलोच्या आसपासच्या, स्टेअरिंगला कसलीही मदत नाही, डोळ्यांना नाजूक. त्यांना पिढीची गरज कमी पडते, कारण चालवून बघणारा तरुणही त्यांच्या प्रेमात पडतो. चालवायला मिळणं तेवढं दुर्मीळ झालंय.

---

पंखा_आणि_पट्टा

मी या इंजिनांवर काम करतो, त्यामुळे माझा प्रतिसाद लांब होईल.

"भाव फाटले" याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे इंजिन उघडण्याचा खर्च. अमेरिकेत किंवा युरोपात एका ३.२ लिटर इंजिनाचं पूर्ण काम वीस-तीस हजार डॉलर सहज खातं, आणि आत काही अनपेक्षित सापडलं की त्याहून जास्त. गाडी वीस हजारांना मिळायची तेव्हा हे काम कुणी करतच नव्हतं, चालेल तशी चालवायचे. आज गिऱ्हाईक आधी विचारतं की इंजिन कधी उघडलं, कुणी उघडलं, बिलं आहेत का. काम झालेली आणि काम बाकी असलेली यांच्या किमतीतला फरक निदान त्या कामाइतका पडतोच. खरं तर जास्त पडायला हवा, कारण वर्षभर गाडी दारात उभी राहते ती वेगळीच.

प्रत्येक पिढीचं दुखणं वेगळं आणि भावात ते उतरलेलं असतं. १९७४ ते ७७ची २.७ लिटर इंजिनं घ्या. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य आवरण, मॅग्नेशियमचं, त्यात अमेरिकेतल्या गाड्यांना १९७५पासून धूर कमी करायला थर्मल रिअ‍ॅक्टर लावले. उष्णता वाढली, हेड धरून ठेवणारे स्टड (लांब बोल्ट) केसमधून उपसून यायला लागले. त्या गाड्या अनेक वर्षं सगळ्यात खालच्या पायरीवर राहिल्या त्या यामुळे. १९७८ची एससी आली ती अ‍ॅल्युमिनियमच्या केससह, म्हणून तिला "दणकट" म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण तिच्या खालच्या रांगेतले डिलाव्हर मिश्रधातूचे स्टड तुटतात. खालचं व्हॉल्व्ह कव्हर काढलं की तुटलेल्या स्टडचा तुकडा, नट आणि वॉशर आतच पडलेले सापडतात. मालकाला पत्ताच नसतो, गाडी तशीच चालत असते! ३.२मध्ये चेन टेन्शनरला, म्हणजे साखळी ताणून धरणाऱ्या भागाला, तेलाचा दाब मिळाला आणि एससीमधली टेन्शनर निकामी होण्याची जुनी भीती गेली, पण व्हॉल्व्ह गाइड झिजतात आणि तेल पितात. सुरुवातीच्या ९६४मध्ये सिलिंडर आणि हेड यांच्यामध्ये गॅस्केटच नव्हतं, त्या गळतात. शिवाय दर सिलिंडरला दोन प्लग, म्हणून दोन डिस्ट्रिब्युटर, आणि त्यांना जोडणारा छोटा पट्टा. तो तुटला तर दुसऱ्याचा रोटर जागच्या जागी थांबतो आणि ठिणगी भलत्या वेळी पडत राहते. ९९३मध्ये हेडमधल्या दुय्यम हवेच्या वाटा काजळीने बुजतात.

यातलं काहीही गाडीच्या मुळावर येणारं नाही. सगळं दुरुस्त होतं. प्रश्न एवढाच की ते पैसे विकणाऱ्याने घातलेत की घेणाऱ्याला घालायचेत.

तपासणीत मी सगळ्यात जास्त विश्वास लीक-डाउन चाचणीवर ठेवतो. पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून दाबाने हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते घड्याळावर बघायचं. मग कान लावायचा. सायलेन्सरमधून सुस्कारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही. हवा इनटेककडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. तेलाच्या टाकीचं झाकण काढल्यावर तिथून आवाज आला तर रिंगा गेल्या. सहाही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर मी निर्धास्त होतो. पाच चांगले आणि एक वेगळा असेल तर विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला काही अर्थ नाही.

---

रानवाट

@पंखा_आणि_पट्टा, असे प्रतिसाद जपून ठेवावेत असे असतात. मनापासून आभार.

एक भर घालते. इंजिनाइतकाच, किंबहुना जास्तच, खर्च पत्र्याचा. जस्ताचा मुलामा दिलेली पूर्ण बॉडी १९७६च्या मॉडेलपासून आली. त्याआधीच्या गाड्यांमध्ये पुढची बॅटरीची जागा, पेट्रोलच्या टाकीखालचा तळ, दारांखालचे पोकळ उंबरे आणि मागचे टॉर्शन बारचे आधार इथे गंज आतून खातो. वरून रंग चकचकीत. म्हणून रंगाची जाडी मोजणारं यंत्र आणि बोटभर रुंदीचा आतून बघायचा कॅमेरा, दोन्ही बरोबर असावेत. इंजिनाच्या कामाचा आकडा सांगता येतो. गंजाचा नाही, कारण कापायला घेतल्याशिवाय तो कुठवर गेलाय ते कळतच नाही.

---

संथ_चालक

मी दुसरी बाजू मांडतो. हे सगळं वाचून नवीन माणूस घाबरून जाईल. मी माझी एससी वर्षानुवर्षं चालवतोय. तेल वेळेवर बदललं, व्हॉल्व्हचं अंतर ठरलेल्या वेळी बघितलं, इंजिन गरम झाल्याशिवाय ताणलं नाही, आणि ती चालते. ज्या गाड्या "कमी चाललेल्या" म्हणून जास्त भावाने विकल्या जातात त्यांची सील वाळलेली असतात, ब्रेकचे कॅलिपर धरलेले, टाकीत जुन्या पेट्रोलचा रोगण. अंतर कमी म्हणून पन्नास टक्के जास्त मोजायचे आणि मग ते वाढेल या भीतीने गाडी बाहेर काढायची नाही, हे मला बघवत नाही.

---

हिशेबी

@संथ_चालक, भावना समजली, पण बाजार मात्र अंतरालाच पैसे देतो. निदान एका बाबतीत तरी तो बरोबर आहे. कमी चाललेल्या गाडीत मूळ रंग, मूळ कापड आणि मूळ काचा शिल्लक राहण्याची शक्यता जास्त. इंजिन पुन्हा बांधता येतं. कारखान्यातला पहिला रंग पुन्हा देता येत नाही.

आता लिलावाच्या आकड्यांबद्दल, कारण इथे गोंधळ फार होतो. मोठ्या लिलावगृहांच्या यादीत जाहीर होणाऱ्या किमतीत खरेदीदाराचं कमिशन धरलेलं असतं. ब्रिंग अ ट्रेलर या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर दिसते ती नुसती बोली, खरेदीदाराचं शुल्क त्यावर वेगळं. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणं चुकीचं. तसंच राखीव किंमत गाठली नाही म्हणून न विकलेल्या गाड्यांची शेवटची बोली नीट बघा. त्या दिवशी बाजार कुठवर जायला तयार होता हे त्यातूनच कळतं. २०२१मध्ये अशा गाड्यांच्या बोलीही उंच असायच्या. आता विकणारे मनातल्या मनात २०२२मध्येच अडकलेत आणि घेणारे पुढे निघून गेलेत. या दोघांमधलं अंतर हेच मला आजच्या बाजाराचं सगळ्यात खरं माप वाटतं. जाहिरातीतली किंमत म्हणजे नुसती इच्छा.

---

लोलक

९६४बद्दल कुणी सविस्तर लिहील का? न आवडणारी गाडी एकदम लाडकी कशी झाली हे मला अजून नीट समजलेलं नाही.

---

बॉक्सर_सहा

@लोलक, तीन गोष्टी एकत्र आल्या.

पहिली, ९९६. तिच्या इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगची बदनामी झाली, आतला प्लास्टिकी थाट लोकांना रुचला नाही, आणि हवेवरची शेवटची गाडी हवी अशी ओढ सुरू झाली. ९९३ आधी महागली. ती आवाक्याबाहेर गेल्यावर नजर ९६४वर पडली.

दुसरी, सिंगर. २००९मध्ये रॉब डिकिन्सनने कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या या कंपनीने ९६४ घेऊन ती पूर्ण उघडून, सुरुवातीच्या ९११च्या रूपात पुन्हा उभी करायला सुरुवात केली. त्यांच्या मागोमाग असे अनेक जण आले. त्यांना लागणारी मूळ गाडी म्हणजे ९६४, आणि दर्जा कसाही चालतो, कारण सगळं उघडायचंच आहे. सामान्य ९६४चा, अगदी टिपट्रॉनिक (ऑटोमॅटिक गिअरच्या) आणि कॅब्रिओले (कापडी छताच्या) गाड्यांचासुद्धा, तळ त्यामुळे वर सरकला. जपानच्या आरडब्ल्यूबीच्या अकिरा नाकाईंनी फेंडर कापून रुंद केलेल्या गाड्यांचाही वाटा आहे. दरवेळी एक न कापलेली गाडी कमी होते आणि उरलेल्या न कापलेल्यांची किंमत वाढते.

तिसरी गोष्ट अमेरिकेचा पंचवीस वर्षांचा नियम. युरोपसाठी बनलेली ९६४ आरएस तिथल्या सुरक्षा नियमांत बसत नव्हती. पंचवीस वर्षं पूर्ण झाली की त्या नियमांतून सूट मिळते. १९९२च्या गाड्यांची मुदत २०१७मध्ये भरली आणि युरोपातल्या गाड्यांना एकदम समुद्रापलीकडचे गिऱ्हाईक मिळाले. ९९३ आरएसचंही १९९५च्या हिशेबाने २०२०पासून तेच.

जर्मनीत तीस वर्षांनंतर एच पाटी मिळते आणि जुन्या गाडीला कर व शहरप्रवेशात सवलत असते. तिथल्या भावावर त्याचाही परिणाम आहेच.

---

रानवाट

एक वेगळा प्रश्न. हवेवर थंड होणं हीच जर जादू असेल तर शेव्हरोले कॉर्व्हेअर इतकी स्वस्त का? तीही मागे आडवं सहा सिलिंडरचं, हवेवरचं इंजिन असलेली. १९६२ला टर्बोसुद्धा आली होती, पोर्शच्या बारा-तेरा वर्षं आधी!

---

हिशेबी

उत्तम प्रश्न, आणि मूळ विषयाच्या गाभ्याचा. कॉर्व्हेअर सतरा-अठरा लाख बनल्या आणि १९६९ला वंश संपला. तिला वारस नाही, शर्यतीतलं मोठं नाव नाही, वर ग्राहकहक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडरच्या टीकेचा डाग. ९११चं नाव आजही शोरूममध्ये आहे. नवी गाडी घेणारा प्रत्येक माणूस जुन्या गाडीचा संभाव्य गिऱ्हाईक असतो. फोक्सवॅगनची कारमन घिया बघा, पोर्शची ९१४ बघा: हवेवरच्याच, पण त्यांचे भाव वेगळ्या जगात. ९१४मध्ये सहा सिलिंडरवाली ९१४-६ जेमतेम ३,३०० बनली, ती महाग. चार सिलिंडरवाली मुबलक आहे, म्हणून अजून आवाक्यात.

---

पंखा_आणि_पट्टा

कागदपत्रांचा विषय राहिला, आणि नकली गाड्या सगळ्यात जास्त तिथेच पकडल्या जातात.

कॅरेरा आरएस २.७ फक्त १,५८० बनल्या. शर्यतीच्या मान्यतेसाठी पाचशे पुरे होत्या, पण त्या भराभर संपल्या म्हणून आणखी बनवल्या. मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर लावून ९११टीची आरएस करणं अवघड नाही, आणि तशा गाड्या भरपूर आहेत. पण आरएसचा चासी क्रमांक ९११३६०ने सुरू होतो, टीचा नाही. कारखान्याच्या मूळ नोंदपत्रावर, ज्याला कार्डेक्स म्हणतात, चासी, इंजिन, गिअरबॉक्स, रंग, आतलं कापड सगळं लिहिलेलं असतं.

जुन्या गाड्यांत इंजिन क्रमांक पंख्याच्या उजव्या बाजूला क्रँककेसवर ठोकलेला असतो. टॉर्च तिरकी धरून बघा. मूळ पृष्ठभागावर यंत्रकामाच्या बारीक समांतर रेघा दिसतात. तिथे घासून गुळगुळीत केल्याची खूण दिसली, किंवा अंकांची खोली आणि ओळ सारखी नसेल, तर थांबा. अस्सल पण बदललेलं इंजिन असणं हा गुन्हा नाही, गाडीचा भाव त्याप्रमाणे कमी लागतो आणि चालवायला ती तितकीच चांगली असते. खोटा क्रमांक ठोकलेली गाडी मात्र कुठल्याही किमतीला नको.

---

नवखा_९१

सगळं वाचून काढलं, खूप शिकायला मिळालं. मला गुंतवणूक नाही करायची, चालवायची आहे, पण पैसे बुडू नयेत एवढीच इच्छा. एससी, ३.२ की ९६४? आणि टार्गा (मधलं छत काढता येणारी) घेऊ का? कूपेपेक्षा स्वस्त दिसते.

---

संथ_चालक

चालवायचीच असेल तर एससी. साधी, मोकळी, भाग मिळतात.

---

पंखा_आणि_पट्टा

१९८७ ते ८९ची ३.२. त्या वर्षांपासून जी५० गिअरबॉक्स आला, त्याआधीच्या ९१५पेक्षा गिअर टाकायला सोपा, क्लच हायड्रॉलिक. त्यासाठी थोडे जास्त मोजावे लागतात आणि विकताना ते परतही येतात. ९१५ वाईट नाही, पण तो घाई करणाऱ्या हाताचा नाही. दुसऱ्या गिअरला खरखर करत असेल तर सिंक्रो गेलेले आहेत, तो खर्च भावातून वजा करा.

---

बॉक्सर_सहा

@नवखा_९१, टार्गा घ्यायला काहीच हरकत नाही. टार्गा आणि कॅब्रिओले कूपेच्या खालीच विकल्या जातात, टिपट्रॉनिक मॅन्युअलच्या खाली, आणि हा क्रम वर्षानुवर्षं बदललेला नाही. घेताना स्वस्त मिळाली तर विकतानाही स्वस्तच जाणार, त्यात तुमचं काही जात नाही. छताच्या रबरी पट्ट्या आणि मागच्या काचेभोवतीचा गंज तेवढा बघा, पाणी तिथूनच आत शिरतं.

तिन्हीपैकी कोणतं मॉडेल हे शेवटी ठरवा. आधी तुमच्या पोहोचीत या इंजिनांची माहिती असलेला मेकॅनिक कोण आहे ते शोधा आणि त्याला कोणती पिढी चांगली येते ते विचारा. मग त्या पिढीतली, ज्या मालकाने पैसे खर्च करून बिलं सांभाळून ठेवली आहेत त्याची गाडी बघा. एकूण रकमेतला पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवून उरलेल्यातच बोली लावा. एखादी गाडी सापडली तर क्रमांक झाकून फोटो इथे टाका, आम्ही सगळे मिळून बघू.

---

नवखा_९१

१९८८ची एक टार्गा नजरेत आहे, बिलांची फाइल जाडजूड आहे म्हणे. मागच्या काचेचे आणि खालच्या व्हॉल्व्ह कव्हरचे फोटो मागवलेत. आले की टाकतो.